शाळेचं बँड पथक: जून ते १५ ऑगस्ट

देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत यंदा रुजू झालेल्या मॅडमनी विचारलं आहे: मुख्याध्यापकांनी बँड पथक माझ्याकडे सोपवलंय. सहावी ते नववीची बावीस मुलंमुली तयार आहेत. ट्रंकेत चार साईड ड्रम, एक मोठा ड्रम, पाच बिगुल, झांजांची एक जोडी आणि थोड्या बासऱ्या आहेत, पण बरंचसं गंजलेलं. मला पेटी वाजवता येते, बँडचा अनुभव नाही. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला पथक उभं राहावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू आणि नवीन काय मागवू?

मॅडम, मागवण्याचं आधी सांगतो, कारण त्यात शाळेचे पैसे जायचे आहेत. दिवाळीपर्यंत एकही नवीन वाद्य मागवू नका. नवीन संच आला, एका १५ ऑगस्टला वाजला आणि पुढच्या पावसाळ्यात ट्रंकेतच कुजला, हे मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच शाळांत पाहिलंय. वाद्य हातात येतं पण ठोका अंगात आलेला नसतो. मग मुलं आठवडाभर नुसती बडवत राहतात, शेजारच्या वर्गाचे शिक्षक तक्रार करतात आणि सराव बंद पडतो. बावीस मुलं आणि तुमची पेटी एवढ्यावर जूनमध्ये सुरुवात नीट होते. पहिले तीन आठवडे ट्रंक मुलांसमोर उघडूच नका.

या तीन आठवड्यांत करायचं काय? चालायचं आणि तोंडाने बोलायचं. मैदानात चिखल असतो, म्हणून व्हरांड्यात दोन रांगा करा आणि जागच्या जागी कदमताल सुरू करा. तुम्हाला पेटी येते म्हणजे आठ मात्रांचा केरवा ताल माहीत असणारच: धा गे ना ती, न क धी न. पहिलं पाऊल डावं, ते ‘धा’वर. मग ‘ना’वर उजवं, ‘न’वर डावं, ‘धी’वर उजवं. मधल्या मात्रा तोंडाने म्हणायच्या, त्यांवर पाय हलवायचा नाही. एका आवर्तनात चार पावलं पडतात आणि दर ‘धा’ला डावा पाय येतो. हे मुलांच्या अंगात भिनलं की मोठ्या ड्रमवाल्याला ‘डाव्या पायावर वाजव’ असं वेगळं सांगावं लागत नाही.

इंग्रजी मोजणीने शिकवू नये असं नाही, पण आपल्या मुलांना ती उशिरा लागू पडते. ज्या घरात गणपतीला रोज भजन आणि शिमग्याला पालखी असते, तिथल्या पोराच्या हाताला टाळ-झांज शाळेत यायच्या आधीच लागलेली असते. माझ्याकडे नमन (कोकणातलं लोकनाट्य) खेळणाऱ्या घरातला आठवीतला एक मुलगा होता. ‘वन टू थ्री फोर’ म्हणत चालायला लावलं की दर चौथ्या पावलाला अडखळायचा, आणि सगळ्यांना वाटायचं याला ताल नाही. एका सकाळी तो बाकावर बोटांनी काहीतरी वाजवत बसला होता. कान देऊन ऐकलं तर मृदंगाचा ठेका, आणि मधले तुकडे घेऊन अचूक समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येत होता. त्याला तेच बोल म्हणत चालायला सांगितलं. त्या दिवसापासून त्याचं पाऊल चुकलं नाही, आणि महिन्याभरात साईड ड्रमची रांग तोच सांभाळू लागला. तुमच्या मुलांत असे दोघे-तिघे नक्की असतील. कोणाच्या घरी पखवाज आहे, कोणाचे काका भजनी बुवांच्या मागे झांज वाजवतात, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. गावातल्या पखवाजवाल्याला शनिवारी तासभर बोलवा. ही माणसं मानधन मागत नाहीत, पण मान द्यावा लागतो: मुख्याध्यापकांनी स्वतः निरोप धाडावा आणि मुलांनी त्यांना बुवा म्हणून नमस्कार करावा.

चालीचा वेग. कवायतीतली ‘तेज चल’ मिनिटाला साधारण १२० पावलांची असते. सहावीतल्या मुलांचे पाय आखूड, शिवाय वाजवत चालायचं, म्हणून ११० च्या आसपास सुरू करा. मोबाईलवर ठोके देणारं मेट्रोनोमचं ॲप फुकट मिळतं. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असला की त्याचा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा स्क्रीन लुकलुकणारं ॲप निवडा आणि मोबाईल खिडकीच्या चौकटीत उभा करा. तसाही पावसात तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचणार नाही. हाताच्या खुणा पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवा: मूठ वर म्हणजे थांबा, तळहात खाली म्हणजे हळू वाजवा, दोन बोटं म्हणजे दुसरी चाल.

पळणं हे शाळेच्या बँडचं सगळ्यांत मोठं दुखणं. ११० ने निघालेलं पथक झेंड्यापाशी पोचेपर्यंत १३० ला गेलेलं असतं आणि मागची लहान मुलं अक्षरशः धावत असतात. याचं मूळ बहुतेक वेळा मोठ्या ड्रमवर सापडतं. मोठा ड्रम सगळ्यांत दांडग्या मुलाच्या गळ्यात घालायची पद्धत आहे, आणि ती मला अजिबात पटत नाही. तो ड्रम शांत डोक्याच्या मुलाला किंवा मुलीला द्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले तरी ज्याचा हात उतावळा होत नाही, असं मूल शोधा. अंगापिंडाने जरा लहान असलं तर सराव ड्रम स्टुलावर ठेवून करा आणि फक्त संचलनापुरता गळ्यात द्या. माझ्या पाहण्यातले उत्तम बेस ड्रम मुलींनी वाजवलेत. मुलींना झांजा नाहीतर नुसता झेंडा देऊन कडेला उभं करण्याची चाल आपल्या शाळांत अजून आहे, ती तुम्ही तरी मोडा.

चौथ्या आठवड्यात काठ्या हातात द्या, ड्रम अजून नको. प्लायवूडच्या वीतभर तुकड्यावर जुन्या ट्यूबचं रबर ताणून खिळ्यांनी ठोकलं की सरावाची पाटी तयार होते. पंक्चरच्या दुकानात ट्यूब मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. काठी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये सैल धरायची, बाकीची बोटं नुसती टेकलेली. रबरावर पडून ती आपोआप उसळली पाहिजे. मूठ आवळलेली असेल तर उसळत नाही, आणि मनगट दुखायला लागतं. पाटीवर रोज पाच मिनिटं एकच धडा: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. मुलं त्याचं ‘उ डा उ उ, डा उ डा डा’ करतात आणि वर्गात जातानाही म्हणत राहतात. डावा हात उजव्याइतका ऐकू यायला लागला की तो मुलगा ड्रमपाशी यायला तयार झाला.

पाट्यांचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे कान वाचतात. पावसाळ्यात सराव बंद वर्गात होतो, आणि जांभ्याच्या भिंती, फरशी, पत्रा यांत चार साईड ड्रम एकदम वाजले की आवाज सहज १०० डेसिबलच्या घरात जातो. मोठ्या माणसांसाठी धरलेली सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मुलांचे कान त्याहून जपायला हवेत. तेव्हा खरे ड्रम व्हरांड्यात, तोंड मैदानाकडे करून, आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटंच. तुम्ही स्वतः रोज मधोमध उभ्या राहणार. औषधांच्या दुकानात फोमचे कानातले बोळे मिळतात, ते घाला. साध्या कापसाने आवाज फारसा अडत नाही.

आता ट्रंक. ती एखाद्या उघडीप असलेल्या शनिवारी मोठ्या दोन मुलांना घेऊन उघडा. ड्रमची पानं, म्हणजे ज्यांवर ठोका पडतो ते ताणलेले पडदे, आधी बघा. चामड्याची असतील तर पावसाळ्यात ती सैल पडणारच, कितीही ताणा. हवेतला दमट ओलावा चामडं शोषून घेतं. फायबरची पानं बसवून घ्या. पान ताणताना किल्ली एका बाजूने गोल फिरवत नेऊ नका. एक बोल्ट, मग त्याच्या बरोबर समोरचा, असं थोडं थोडं. प्रत्येक बोल्टाजवळ कडेला बोटाने टिचकी मारून सगळीकडे सारखा नाद येतो का ऐका. तुमचा कान पेटीवर तयार झालाय, त्यामुळे हे काम तुम्हाला कोणाही बँडवाल्याइतकं जमेल. साईड ड्रमच्या खालच्या तारा गंजून तुटल्या असतील तर नवीन घ्या. दिवाळीआधी वाद्यांवर करायचा खर्च पानं आणि तारा एवढाच. त्यांच्याशिवाय तो ड्रम नुसता डब्यासारखा वाजतो.

गंजलेल्या बोल्टांना खोबरेल लावायचा मोह होईल, घराघरात तेच असतं. ते काही दिवसांनी चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब घाला, तासाभराने फडक्याने पुसा. झांजा आणि बिगुल पितळेचे, आणि पितळ म्हटलं की आपल्याकडे आमसूल नाहीतर चिंच पुढे येते. साध्या उघड्या पितळेला ती चालतात, पण लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करायला हवं, नाहीतर आंबट राहून पितळ पुन्हा हिरवं पडतं. निकेलचा मुलामा किंवा वरून लाखेचा थर असेल तर आंबट अजिबात लावू नका, थर सोलवटतो. तिथे कोमट पाणी आणि भांड्याचा साबण पुरे. बिगुलाची तोंडाची वाटी अडकून बसली असेल तर पक्कड लावू नका. सांध्यावर तेलाचा थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी काठीच्या मुठीने चारी बाजूंनी हलकं ठोठावा. बहुतेक वेळा सुटते. वाट्या एकमेकांच्या तोंडाला लागू द्यायच्या नाहीत. पाच बिगुल आहेत तर बिगुलवाले पाचच असू देत, आणि प्रत्येकाने आपली वाटी रोज धुऊन, रुमालात बांधून आपल्याजवळ ठेवावी.

समुद्र जवळ आहे, हे वाद्यं ठेवतानाही लक्षात ठेवा. खारं वारं धातू खातं. सराव संपला की घामाचे हात लागलेली प्रत्येक जागा जुन्या सुती कपड्याने पुसायची, आणि हे काम वाजवणाऱ्यानेच करायचं. कपाट जांभ्याच्या भिंतीला टेकवू नका, वीतभर पुढे ओढा. ती भिंत सबंध पावसाळा पाझरत असते. जमिनीपासून दोन विटा वर. आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. रंग बदलणारं जेल मिळतं. रंग पालटला की लोखंडी तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. पेटीच्या भात्याला उंदीर लागतात, तेव्हा ती झाकून उंचावर.

तुम्हाला आणि मुख्याध्यापकांना ज्याची सगळ्यांत काळजी असेल ते राष्ट्रगीत. बिगुलांकडून ते वाजवून घ्यायचा प्रयत्न करू नका. बिगुलाला ना भोकं ना दट्ट्या. फक्त ओठांच्या ताणाने त्यातून सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प, एवढेच स्वर सहज निघतात. रे, म, ध, नि नाहीतच. सलामीची तुतारी, मुलांना गोळा करायची हाक, चालीच्या सुरुवातीची ललकारी, ही बिगुलाची कामं, आणि ती उत्तम होतात. राष्ट्रगीताची चाल खालच्या नि पासून वरच्या सा पर्यंत जाते, ती तुमच्या पेटीवर आणि बासऱ्यांवर बसवा. पांढरी एकचा सा धरला तर शेवटाकडच्या पहिल्या ‘जय हे’चा वरचा सा मुलांच्या गळ्याला ताण न देता लागतो. पूर्ण राष्ट्रगीताची ठरलेली वेळ सुमारे ५२ सेकंद. घड्याळ लावून बघा, शाळांत ते बहुतेक मिनिटाच्या पुढे रेंगाळतं. रेंगाळतं ते ओळींच्या मध्ये श्वास घेताना आणि ‘जय हे’वर. पायाने ठोका धरून गायला लावलं की ते आपोआप जागेवर येतं.

ड्रमवाल्यांचं काम राष्ट्रगीताच्या आधी असतं. बँडवर राष्ट्रगीत वाजताना लोकांना कळावं म्हणून आधी ड्रमची घुमक (ड्रम रोल) द्यायची, असं केंद्र सरकारच्या राष्ट्रगीताविषयीच्या आदेशातच आहे. धीम्या चालीच्या सात पावलांएवढी तिची लांबी. हळू सुरू करायची, जमेल तितकी मोठी करायची, पुन्हा हळू आणायची, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू आली पाहिजे. मग एक ठोका शांतता, आणि राष्ट्रगीत सुरू. हे नीट बसलं की उभ्या असलेल्या गावाला आपोआप सावधान व्हावंसं वाटतं. या एका घुमकीवर जुलैचा शेवटचा आठवडा पूर्ण घाला. सुरुवातीला चौघांचे हात चार वेळी चढतात. त्यांना एकमेकांकडे तोंड करून उभं करा आणि मनात सात मोजायला लावा. तुम्ही मोजू नका. प्रत्यक्ष राष्ट्रगीत चालू असताना ड्रम बडवत राहू नये असं माझं ठाम मत आहे. मुलांचा आवाज ऐकू येऊ द्या.

बासऱ्या वापरणार असाल तर सगळ्या एकाच पट्टीच्या आहेत का आधी तपासा. ट्रंकेतल्या बासऱ्या वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या जत्रांत घेतलेल्या असण्याची शक्यता दाट आहे. पेटीशी एकेक लावून बघा. न जुळणाऱ्या बाजूला काढा, मुलाला कितीही आवडत असली तरी. जुळलेल्याही उन्हात वर चढतात. हवा एका अंशाने तापली की फुंकवाद्याचा स्वर ढोबळमानाने ३ सेंटने चढतो, आणि पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं. वर्गात २६ अंशांत जुळवलेली बासरी ३४ अंशांच्या उन्हात तेवढ्या अंतराचा जवळजवळ पाव हिस्सा वर गेलेली असते, आणि पेटीच्या पात्या मात्र जिथल्या तिथे. म्हणून अखेरची जुळवणी वाजवायच्या जागीच, वाजवायच्या वेळीच करायची. २६ जानेवारीला उलट घडतं: सकाळी गारठा असतो, बासऱ्या उतरतात. झेंडावंदनाआधी पाच मिनिटं सगळी भोकं झाकून नुसती गरम फुंकर मारत राहायची.

झांजवाल्याला एकच गोष्ट शिकवा. दोन्ही झांजा तंतोतंत समोरासमोर आपटल्या तर मध्ये हवा कोंडते आणि ‘फप्’ असा मेलेला आवाज येतो. एक झांज किंचित खाली धरून तिरकी घासत वर न्यायची. वादीची गाठ दर आठवड्याला तपासायची.

वेळेचं गणित आपल्याकडे एसटीवर बसतं. शाळा सुटल्यावरचा सराव कागदावर चांगला दिसतो, पण वरच्या वाडीतली मुलं पाचच्या गाडीला पळतात आणि मग पथक अर्धंच राहतं. परिपाठाच्या आधीची पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, एवढं मागून घ्या. भातलावणीच्या दिवसांत थोडी मुलं गैरहजर राहणारच. त्यांना पथकातून काढू नका. ती शेतातही बोल म्हणत असतात. प्रत्येक वाद्याला दोन मुलं तयार ठेवा, आणि दुसरं मूल खालच्या इयत्तेतलं असू द्या. नववीची मुलं पुढच्या वर्षी दहावीत जाणार आणि पालक त्यांना मोकळं सोडणार नाहीत. पालक अभ्यासाचा विषय काढतीलच. त्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे: दहावीला शास्त्रीय गायन-वादन आणि लोककला यांसाठी वाढीव गुणांची सोय आहे. बँडमधल्या सहभागाने ते मिळत नाहीत, पण तुमच्या ड्रमवाल्यांपैकी जो तबला किंवा पखवाजाकडे वळेल त्याला परीक्षा देऊन मिळू शकतात. चालू वर्षाचे नियम शाळेच्या कार्यालयातल्या परिपत्रकात बघून घ्या, दरवर्षी गृहीत धरू नका.

१५ ऑगस्टला पाऊस असणार असंच धरून चाला. कार्यक्रम तीनच गोष्टींचा ठेवा: बिगुलाची ललकारी, एक चाल आणि घुमकीसकट राष्ट्रगीत. पाऊस असेल तर चाल व्हरांड्यात कदमतालावर. ड्रमवर टाकायला प्लास्टिकचे कागद तयार, आणि आदल्या दिवशी गणवेशात, बूट घालून एक पूर्ण तालीम, कारण अनवाणी सराव केलेली मुलं बुटात वेगळी चालतात. राज्यगीत मुलं २०२३ पासून परिपाठाला म्हणतच आहेत. ते पथकावर घ्यायचा आग्रह होईल, त्याला २६ जानेवारीची तारीख द्या.

दिवाळीनंतर खरेदी. देशातल्या बँड वाद्यांचं मोठं केंद्र मेरठला आहे, तिथल्या जली कोठी भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, आणि कोल्हापूर-मुंबईच्या दुकानांतही बराचसा माल तिकडूनच येतो. सहा स्वस्त ड्रमपेक्षा दोन चांगले घ्या. बोल्ट कुठल्याही साध्या किल्लीने फिरतात का, पानाचं माप बाजारात सहज मिळणारं आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. कोकणात एक पान फुटलं तर विचित्र मापाचा ड्रम वर्षभर पडून राहतो. त्यानंतर पैसे उरले तर एकाच कारागिराकडून एका पट्टीच्या आठ बासऱ्या, दुकानात उभं राहून एकत्र वाजवून बघून. बिगुल आहेत तेवढे पुरेत.

स्पर्धेचं कोणीतरी काढेल. यंदा नको. मुलांना घेऊन एखादी स्पर्धा नुसती बघून या, आणि परत येताना त्यांना एकच विचारा: कुठलं पथक पळालं? त्यांना अचूक सांगता आलं, तर पुढच्या जूनमध्ये नाव द्या.